मागची बटणं

कंट्रोलर घ्यावा की नाही, यावर महारुद्रनं तीन आठवडे घालवले. एवढा वेळ त्यानं पिकअप घेतानाही लावला नव्हता. राजेश्रीला बघायला गेला तेव्हा तर चहा निवायच्या आत होकार देऊन मोकळा झाला होता. पण त्या सगळ्या गोष्टी दोन्ही हात धड असतानाच्या.

आता त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. मनगटात धातूची पट्टी बसवलेली होती आणि उरलेली चार बोटं चालत होती. पण अंगठ्याशिवाय चार बोटं म्हणजे मुकादमाशिवाय ऊसतोडीची टोळी. सगळे हजर, पण कुणाचा कुणाला मेळ नाही. दहा वर्षं त्यानं पिकअप चालवली होती. परभणीचा माल घेऊन नांदेड, निजामाबाद, कधी थेट हैदराबाद. आता पिंगळी स्टेशनच्या रस्त्यावर तो सेवा केंद्र चालवायचा. सातबारा, पीकविमा, रेशनकार्ड आणि दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर टेकवून घ्यायचे. "अजून जरा दाबा, मावशी. आता उचला." सुरुवातीला लोक अंगठा टेकवताना त्याच्या हाताकडं बघायचे. मग सवय झाली. लोकांना झाली.

ते घडलं दोन वर्षांपूर्वी, सोयाबीन निघाली तेव्हा. ट्रॅक्टर भुजंगचा, शेतही भुजंगचंच. दोघं पहिलीपासूनचे दोस्त. भुजंगच्या घरी भात टाकताना महारुद्रचं मूठभर धरूनच टाकायचे. ट्रॉली जोडायची होती, हूक जुळत नव्हता. महारुद्र मागं उभा राहून सांगत होता आणि भुजंग ट्रॅक्टर मागं घेत होता. गावात सांगतात ते असं, की महारुद्र "थांब" म्हणाला, इंजिनाच्या आवाजात भुजंगला "आन" असं ऐकू आलं आणि त्यानं ट्रॅक्टर बोटभर अजून मागं घेतला. दवाखान्यात राजेश्रीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुमी थांब म्हणला हुताव ना?" महारुद्रनं मान हलवली होती. मग राजेश्री भुजंगला जे बोलली ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. भुजंग खाली मान घालून उभा होता.

जखम भरत असतानाच भुजंगनं नांदेडच्या आतेभावाकडून जुना गेमचा डबा, दोन कंट्रोलर आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आणला. टीव्हीला जोडून दिला. "गाडी सुटली तुजी, तर ही चालव," म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं, पेरणी असो की लग्नसराई, भुजंग दिवेलागणीला यायचा. आल्याबरोबर विचारायचा, "हात कसा हाय?" मग दोघं तासभर खेळायचे. पहिले दोन-तीन महिने भुजंगच जिंकायचा. पुढं महारुद्रचा हात बसला आणि तो जिंकायला लागला. दहातल्या सात-आठ शर्यती त्याच्या. थोडक्यात, पण त्याच्या.

अडचण होती गिअरची. गाडीचा वेग पाठीमागच्या ट्रिगरवर असतो, तो तर्जनीनं दाबता येतो. पण गिअरची बटणं वरच्या अंगाला, जिथं उजवा अंगठा पडतो तिथं. महारुद्रला ऑटोमॅटिकवर खेळावं लागायचं. आणि ज्यानं दहा वर्षं घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गाडी हातानं उतरवली, त्याला मशीननं टाकलेला गिअर म्हणजे दुसऱ्यानं भरवलेला घास. पोट भरतं, पण मन भरत नाही.

मग त्याला मोबाईलवर तो महागडा कंट्रोलर दिसला. त्याच्या मागच्या बाजूला, जिथं बोटं नुसतीच टेकलेली असतात, तिथं चार बटणं होती. त्यांना हवं ते काम नेमून देता येत होतं. गिअर मधल्या बोटावर, हँडब्रेक अनामिकेवर. किंमत पंधरा हजारांच्या वर. त्यानं दिसतील तेवढे व्हिडिओ बघितले. दिल्लीकडचा एक जण सांगत होता, शर्यतीच्या खेळासाठी एवढा खर्च करू नका, मागची बटणं बंदुकीच्या खेळाला लागतात, शर्यतीला स्टिअरिंगचं चाक घ्या. चाक महारुद्रनं नांदेडच्या दुकानात धरून बघितलं होतं. वळणावर त्यानं असा हिसका दिला की मनगटातल्या पट्टीपासून कोपरापर्यंत कळ गेली. दुसरा म्हणत होता, ट्रिगर भारी, पण साध्या कंट्रोलरपेक्षा अर्धा सेकंद वाचेल फार तर. तिसऱ्यानं पाच पैकी साडेतीन तारे दिले. अंगठा नसलेल्या माणसानं घ्यावा का, हे कुणीच सांगत नव्हतं.

"नको घेऊ," भुजंग म्हणाला. एरवी महारुद्रच्या कुठल्याही म्हणण्याला मान डोलवणारा माणूस या एका गोष्टीला अडून बसला. "खामखा पैसे घालायलास. असंबी तूच जिंकायलास की."

"म्हनूनच म्हणायलो. ऑटोवर जिंकायलो, तर गिअरवर काय व्हईल?"

"काय व्हयाचं ते व्हईल. घरात खेळायला एवढं कशाला लागतंय?"

"घरात न्हाई. परभनीला स्पर्धा हाय, पुढच्या महिन्यात. धम्मपालच्या गेमिंग सेंटरला."

भुजंगच्या हातातला चहा थांबला. "तिथं कॉलेजची पोरं असतेत रे. दिवसभर तेच करतेत ती."

"मंग? मी दहा वरसं खरी गाडी हाणली."

भुजंगनं अर्धा कप तसाच खाली ठेवला. महारुद्रला वाटलं, भ्यायलाय. आता अर्ध्या सेकंदानं हरायलाय, उद्या पाचानं हरेल म्हणून. तो विचार त्याला गोड वाटला आणि तो बराच वेळ त्यानं जिभेवर घोळवला.

राजेश्री अंगणवाडीत शिकवायची. पैशाबद्दल तिनं काहीच म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "खेळायला घ्यायचा असंल तर उद्याच घ्या. भुजंगभाऊजीला दाखवायला घ्यायचा असंल तर नका घेऊ."

"त्याला काय दाखवायचंय? रोज तर हरायलाय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

त्यानं कंट्रोलर घेतला.

वस्तू खरंच चांगली होती, यात वाद नाही. तळव्याला खरखरीत रबर होतं, त्यामुळं अंगठा नसला तरी हातातून निसटत नव्हता. ट्रिगर हवा तेवढाच खाली जाईल असा खिळवता येत होता. पहिले चार दिवस अनामिका ऐकेना. तो ब्रेक मारायला जायचा आणि गाडी दुसऱ्या गिअरवर पडून गरगर फिरायची. पण पाचव्या दिवशी, डोंगरातल्या रस्त्याच्या त्या मोठ्या उताराला, त्याच्या मधल्या बोटानं आपणहून चौथ्यावरून तिसरा टाकला, इंजिनाचा आवाज चढला, आणि गाडी वळणाला चिकटून निघाली. महारुद्रला हैदराबादच्या वाटेवरचा निर्मलचा घाट आठवला. फेरी संपली तेव्हा वेळ होती एक मिनिट एकोणपन्नास सेकंद. आधी बावन्नच्या खाली तो कधी गेला नव्हता.

भुजंग त्या पंधरवड्यात सगळ्या शर्यती हरला. "जबरदस्त गड्या," म्हणायचा आणि टीव्हीकडं न बघता उठायचा.

स्पर्धेच्या रविवारी महारुद्रनं त्याला सोबत चल म्हटलं. भुजंग म्हणाला, हळदीला पाणी द्यायचंय. महारुद्र एकटाच पॅसेंजरनं परभणीला गेला. कंट्रोलर रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला होता.

धम्मपालचं सेंटर वसमत रोडच्या एका गाळ्यात, पहिल्या मजल्यावर होतं. सव्वीस खेळाडू. बहुतेक इंजिनिअरिंगचे, दोन मुलीही होत्या. धम्मपाल स्वतः तिशीचा, अदबशीर माणूस. त्यानं महारुद्रचा हात बघितला, कंट्रोलर बघितला आणि काही न विचारता तो जोडून दिला. "तीन फेऱ्या, सगळ्यात चांगली धरायची," म्हणाला. रस्ता तोच, डोंगरातला.

महारुद्र चांगला खेळला. एकही चूक झाली नाही, हे तो शपथेवर सांगू शकला असता. एक मिनिट एकोणपन्नास, पॉइंट दोन. उठून त्यानं मागं बघितलं, तर कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. पुढची मुलगी खुर्चीत बसली आणि च्युइंगम चघळत एक त्रेचाळीसला फेरी संपवून उठली.

तो तेविसावा आला.

कागदावर नाव लिहून झाल्यावर धम्मपालनं भिंतीकडं हात केला. तिथं पांढऱ्या फळ्यावर महिन्यातल्या चांगल्या वेळा मार्करनं लिहिलेल्या होत्या. "नाराज नका होऊ भाऊ. सराव करा. हे बघा, तुमच्याच गावचे एक जण हायत."

वरून पाचवं नाव होतं. भुजंग, पिंगळी. १:४२.८.

"हे कवा खेळले?" महारुद्रनं विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"येतेत की अधूनमधून, बाजाराच्या कामाला आले की. अर्धा तास एकटेच खेळतेत. लय सफाईचा हात. मी म्हणलं स्पर्धेला या, तर म्हणले, न्हाई बाबा, त्या दिवशी माजा दोस्त येणार हाय." धम्मपाल हसला. "वळखता का तुमी त्यान्ला?"

"गावचा हाय," महारुद्र म्हणाला.

परतीच्या गाडीत जागा होती तरी तो दारात उभा राहिला. जवळजवळ साडेसहा सेकंद. एवढ्या वेळात त्या रस्त्यावरची दोन वळणं मागं पडतात. म्हणजे भुजंग रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून, मुद्दाम ब्रेक मारत, मुद्दाम वळणाला बाहेर जात, त्याच्या मागं मागं अर्ध्या सेकंदावर गाडी ठेवत होता. जिंकायला जेवढं कसब लागतं त्याच्या दुप्पट कसब त्याला लागत असणार. दोन वर्षं. आणि आपण गावभर सांगत फिरलो, की एका हातानं हरवतो भुजंगला.

राग आला, तशी त्याला दुसरीही एक गोष्ट आठवली. ती गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, राजेश्रीलाही नाही. त्या दिवशी तो "थांब" म्हणालाच नव्हता. हूक जुळत नव्हता म्हणून त्यानं भोकात अंगठा घालून अंदाज घेतला होता आणि भुजंगला ओरडून सांगितलं होतं, "आन, बोटभर अजून आन." भुजंगनं बोटभरच आणला होता. दवाखान्यात मान हलवली ती गुंगीत, असं तो पहिले काही दिवस मनाला समजावत राहिला. मग गुंगी उतरली आणि मान तशीच राहिली.

संध्याकाळी भुजंग आला. "काय झालं? कितवा आलास?" दारातूनच विचारलं त्यानं.

महारुद्रनं साधा कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "बस. खेळ. इमानानं खेळ."

"म्हंजे?"

"एक बेचाळीस, पॉइंट आठ."

भुजंगचा चेहरा उतरला. तो बसला, पण पहिल्याच वळणाला त्याची गाडी नेहमीसारखी बाहेर गेली.

"माज्या गेलेल्या अंगठ्याची शपथ हाय तुला," महारुद्र टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला.

मग भुजंग खेळला. महारुद्रनं त्याला असं खेळताना कधी बघितलंच नव्हतं. खांदे सैल, नजर पुढच्या वळणावर, ओठ किंचित दुमडलेले. तिसऱ्या वळणाला त्याची गाडी दिसेनाशी झाली. महारुद्रनं जीव तोडून गिअर टाकले, मागची बटणं अचूक चालली, पंधरा हजारांच्या वस्तूनं कुठंही दगा दिला नाही, आणि तरीही तो एकटाच त्या रस्त्यावरून गाडी नेत राहिला. भुजंगनं रेषा ओलांडली तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "हाण तिच्या!" मांडीवर थापही पडली. दोन वर्षांत पहिल्यांदा तो असा खुलला होता. मग त्याला भान आलं. हात मांडीवरच राहिला.

"कवापासून चालू हाय हे?" महारुद्रनं विचारलं.

"पहिल्या संक्रातीपासून."

"काऊन?"

"तू हरलास की तो हात मांडीखाली दडवायचास. मला बघवायचं न्हाई. एक दिवस मुद्दाम हरलो, तर तू हसलास. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच हसलास. मंग म्हणलं, आपल्याला काय लागतंय? हरायचं रोज."

"भीक घातलीस मला."

"भीक न्हाई रे. पाप फेडायलो होतो."

त्या शब्दानं महारुद्रच्या डोक्यात जाळ झाला. दया करणारा हा कोण? पापाचा मोठेपणासुद्धा यालाच? समोरच्याला काहीतरी फेकून मारावं, एवढंच त्याच्या मनात होतं आणि हाताशी ती दडवलेली गोष्टच होती.

"कशाचं पाप?" तो ओरडला. "कुणी सांगितलं तुला पाप म्हणून? तू बरोबर ऐकलं होतंस. मी आनच म्हणलो होतो!"

टीव्हीवर खेळाचं संगीत चालू होतं. भुजंगनं पुढं होऊन आवाज बंद केला.

"पुन्यांदा म्हण."

महारुद्रनं टीव्हीकडं तोंड फिरवलं.

"पुन्यांदा म्हण, महारुद्र."

"आन म्हणलो होतो. अंगठा मीच घातला होता भोकात."

"मंग दवाखान्यात वहिनीनं इचारलं तवा?"

"दहा वरसं गाडी चालवलेला मानूस मी. स्वतःच अंगठा घालून आन म्हणलो, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

भुजंगनं नजर गेमच्या डब्याकडं वळवली. "मी नांदेडला जाऊन कान तपासून आलो," तो हळूच म्हणाला. "दोनदा. डॉक्टर म्हणले कान एकदम चांगले हायत. तवा मला वाटलं, डोस्क्यातच फरक हाय आपल्या. थांब म्हणलेलं आन ऐकू येतंय, उद्या अजून काय ऐकू येईल. आजबी ट्रॅक्टर मागं घ्यायचा असला की मी उतरतो, गड्याला घ्यायला लावतो. लेकरू मागं उभं असलं तर मला घाम सुटतो." तो थांबला. "तू समोर बसून रोज हे बघायलास."

त्यानं कंट्रोलर सतरंजीवर अलगद ठेवला, वायर नीट गुंडाळून ठेवली आणि चप्पल घालून गेला. हाताचं काही विचारलं नाही, येतो म्हणाला नाही.

राजेश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात दोन कप चहा होता.

"तुला ठावं होतं, तो मुद्दाम हरायलाय म्हणून?" महारुद्रनं विचारलं. आताही त्याला तेच आधी विचारावंसं वाटलं.

"अंगणवाडीत लेकरं खेळवते मी. हरायचं ठरवून बसलेलं मानूस वळखू येतं." तिनं कप खाली ठेवले. "पण हे दुसरं मला ठावं नव्हतं. दवाखान्यात मी त्यान्ला काय काय बोलले, आठवतंय का तुमाला? तुजं वाटोळं व्हईल म्हणले मी. चारचौघांत. ते ऐकत तुमी पडून होताव." ती पुन्हा आत गेली. त्या रात्री तिनं ताट वाढलं, पण समोर बसली नाही, आणि नंतरही बरेच दिवस बसली नाही. भुजंगच्या घरी ती एकटी जाऊन आली. तिथं काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही.

भुजंग पुन्हा आला नाही. रस्त्यात दिसला तर गाडीचा हॉर्न वाजवायचा, कुणालाही वाजवतात तसा. गावात त्यानं एक शब्दही काढला नाही. लोक अजूनही तीच जुनी गोष्ट सांगत होते, आणि ती दुरुस्त करायला महारुद्रही कधी पारावर गेला नाही. रोज सकाळी केंद्राचं शटर उघडताना ठरवायचा, आज सांगू. दुपारी गिऱ्हाईक वाढायचं.

तो एकटाच खेळत राहिला. वेळ एक सत्तेचाळीसवर आली. ती सांगायला कुणी नव्हतं.

महिन्याभरानं भुजंगची आई चांगुणाबाई रेशनकार्डात नातीचं नाव लावायला केंद्रात आली. लहानपणी महारुद्रनं हिच्या हातचं खाल्लेलं. तिनं कागद पुढं सरकवले आणि उभीच राहिली.

"बसा की, काकू."

"उभी हाय तीच बरी हाय."

त्यानं फॉर्म भरला. माऊस डाव्या हातानं चालवत होता, आणि तिची नजर हातावर नाही, चेहऱ्यावर होती.

"भुजंग बरा हाय ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"झोपायलाय," ती म्हणाली. "दोन वरसं रात रात वसरीत बसून राहायचा. जेवताना मधीच हात थांबायचा त्याचा. मी देव केले, अंगारे केले, परभनीचा डॉक्टर केला. आता ह्या महिन्यात आडवा पडला की घोरायलाय. काय झालं, मला सांगत न्हाई. म्या बी इचारलं न्हाई." तिनं पावती घेतली, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत खोचली. "पण त्यो तुज्याकडं यायचा बंद झाला, तवापासून झोपायलाय, एवढं मला कळतंय."

ती पायरी उतरून गेली. मागं रांगेत उभा असलेला माणूस पुढं आला, आधार कार्ड काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "अंगठा कुठं लावायचा?"

महारुद्रनं मशीन त्याच्यापुढं सरकवलं.